धोंडीभाऊंचा माल आला की अडणारी रांग

न्हाव्याला गिऱ्हाइकाचं डोकं दिसतं, शिंप्याला पोट दिसतं, आणि आळेफाट्याच्या गॅरेजवाल्याला तर ट्रक फाट्यावर वळायच्या आधी नुसत्या आवाजावरून कळतं, की आज कोण आलंय आणि काय मोडून आणलंय. माझ्या धंद्यात गिऱ्हाईक दिसत नाही. सगळी नोकरी संपली, निवृत्त होऊन अवसरी बुद्रुकला घरी येऊन बसलो, तरी मी लिहिलेल्या कोडवर ज्याचं काही अडून आहे असा एकही माणूस मी डोळ्यांनी पाहिला नव्हता. मग एकदम अख्खी शेड भरून माणसं पाहायला मिळाली, आणि त्या सगळ्यांचं त्या कोडवरच अडलं होतं. त्याचीच ही हकिकत. आजही सांगायला लागलो की माझा आवाज चढतो आणि बायको आतून "हळू" म्हणते. पण ही गोष्ट हळू सांगता येत नाही.

आधी धंदा सांगतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आपल्याला जे दिसतं, त्याच्या तळाशी एक प्रोग्राम सतत चालू असतो. कुणाला किती मेमरी द्यायची, डिस्कवर कुणी कधी लिहायचं, तारेतून आलेली माहिती कुणाच्या हाती सोपवायची, हे सगळं तो ठरवतो. त्याला कर्नल म्हणतात. मी ज्यावर काम केलं तो कर्नल जगभरातली माणसं मिळून लिहितात, तेही अगदी उघड्यावर. आपण बदल लिहून पाठवायचा, आणि ज्यांना आपण जन्मात भेटणार नाही अशा लोकांनी तो चारचौघांत फाडायचा. माझा एक बदल एका गृहस्थाने "हे का?" एवढंच लिहून परत पाठवला होता. त्या दोन शब्दांचं उत्तर द्यायला मी पंधरवडा घेतला, आणि उत्तर लिहिता लिहिताच कळलं की त्या बदलाची गरजच नव्हती.

माझा कोपरा नेटवर्क कार्डाचा. गावात बऱ्याच जणांची अजून समजूत आहे की मी मोबाइलचे टॉवर उभे करायचो. रेंज गेली की शिव्या मला बसतात. खरं काम एवढंच. तारेतून माहितीचे तुकडे येतात, ते कार्डाने घ्यायचे आणि मेमरीत नेमून दिलेल्या रिकाम्या जागांत उतरवायचे. या जागा रांगेत लावलेल्या असतात. कार्ड पुढची रिकामी जागा उचलतं, भरतं आणि पुढे सरकतं; मागून आम्ही भरलेल्या जागा मोकळ्या करून पुन्हा रांगेला लावतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटांचं जे चालतं तेच. भरलेले जातात, रिकामे परत येतात. रिकामे परत आले नाहीत, तर झाडावर माल कितीही लाल होऊ दे, भरणार कशात?

आता यातली खरी गंमत. हल्ली फोटो ओळखण्यासारखी अवजड गणितं मुख्य प्रोसेसर करत नाही. त्यासाठी जीपीयू नावाचं वेगळं कार्ड असतं आणि त्याची मेमरीही वेगळी असते. म्हणजे तारेतून आलेली माहिती आधी मुख्य मेमरीत उतरवायची, मग तिथून उचलून जीपीयूच्या मेमरीत टाकायची. दुहेरी हमाली. माहिती थोडी असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण लोंढा आला की प्रोसेसर बाकी सगळं सोडून नुसता कॉपी करत बसतो.

त्यावर निघालेली युक्ती सांगताना मला खुर्चीत बसवत नाही. कार्डाच्या रांगेत मुख्य मेमरीतल्या जागा लावायच्याच कशाला? थेट जीपीयूच्या मेमरीतल्या लावा! प्रत्येक तुकड्याच्या वर पत्ता-बित्ता असतो, तेवढा कर्नलला वाचावा लागतो. म्हणून तो भाग मुख्य मेमरीत. आतला माल मात्र तारेतून थेट जीपीयूच्या दारात. प्रोसेसरचा हात लागत नाही, कर्नलला तो दिसतसुद्धा नाही. जीपीयूत उतरलेल्या प्रत्येक तुकड्यामागे कर्नल वापरणाऱ्या प्रोग्रामला एक टोकन देतो. काम झालं की प्रोग्रामने ते परत करायचं आणि ती जागा पुन्हा रांगेला लागते. हे सगळं जमायचं तर चालू कार्डाची एक रांग थांबवायची, तिच्या जुन्या जागा काढायच्या, जीपीयूच्या जागा तिला बांधायच्या आणि ती पुन्हा सुरू करायची. शेजारच्या रांगांना धक्का न लावता! आमच्या कंपनीच्या कार्डासाठी हे थांबवणं आणि सुरू करणं मी लिहिलं. नोकरीतलं माझं ते शेवटचं मोठं काम. पहिल्यांदा रांग बांधली गेली, माहिती धो धो यायला लागली आणि प्रोसेसर मात्र निवांत, तेव्हा मी ऑफिसात एकट्याने टाळ्या वाजवल्या होत्या. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने कानात हेडफोन घातले.

वैशाली ही माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. पुण्यातली चांगली नोकरी सोडून तिने टोमॅटोची प्रतवारी करणारं मशीन बनवायला घेतलं, तेव्हा बहिणीने फोन करून मलाच झापलं, की तुझ्या नादाने पोरगी बिघडली. पोरगी बिघडली नव्हती. आळेफाट्याजवळ एका शेतकरी गटाचं पॅकहाउस आहे. तिथे बसून, माणसांत राहून, सगळ्यांची बोलणी खात तिने ते मशीन उभं केलं. पट्ट्यावरून टोमॅटो एकेक करून पळतो. वरून आणि बाजूंनी कॅमेरे त्याचे फोटो काढतात. त्यातले काही आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडातले असतात, त्यामुळे सालीच्या आत बसलेला मारसुद्धा त्यांत दिसतो. टोमॅटो पट्ट्याच्या टोकाला पोचायच्या आत कॉम्प्युटरने ठरवायचं, जाऊ द्यायचा की पाडायचा. पाडायचा असेल तर कडेची एक लहानशी फळी "खट" करून त्याला खालच्या क्रेटात ढकलते.

सुरुवातीला तिचा कॉम्प्युटर फोटो कॉपी करण्यातच दमायचा. निकाल लागेपर्यंत दोषी टोमॅटो पुढे निघून गेलेला असायचा आणि फळी त्याच्या मागच्या निरपराध्याला हाणायची. मी तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी पडलो होतो. अंथरुणातूनच फोनवर ओरडलो, "अगं, कॉपी करूच नकोस! रांग बांध!" आमच्याच कंपनीचं कार्ड तिला घ्यायला लावलं, नमुन्याचा प्रोग्राम पाठवला आणि रोज फोनवर कीर्तन केलं, की वैशाली, कॉपी म्हणजे पाप. तिने रांग बांधली आणि मशीन वाऱ्यासारखं पळायला लागलं. त्याचा व्हिडिओ मी घरी येईल त्याला दाखवायचो. लोकांना पळणारे टोमॅटो दिसायचे, मला रांग दिसायची.

मग हंगामाच्या ऐन भरात एक दिवस तिचा फोन आला.

"मामा, मशीन अडतंय."

"कधी अडतं?"

"धोंडीभाऊंचा माल आला की."

मी हसलो. ती हसली नाही. मग तिने सगळं नीट सांगितलं. धोंडीभाऊ मढ गावाकडचे. घराणं मूळचं मेंढपाळांचं, वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. धोंडीभाऊंनी उताराच्या रानात ठिबक टाकून टोमॅटो केला आणि गटात आले. माणूस साठीचा, बोलायला कमी. त्यांचे क्रेट पट्ट्यावर पडले की थोड्या वेळाने कॅमेऱ्यांची माहिती येणं बंद होतं आणि मशीन उभं राहतं. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला तर घटकाभर चालतं, पुन्हा अडतं. शेवटी त्यांचा उरलेला माल बायका हाताने निवडतात. पुढच्या शेतकऱ्याचे क्रेट लावले की मशीन काही झालंच नाही असं पळतं. त्यांना सकाळी पहिलं घेऊन पाहिलं, सगळ्यांत शेवटी घेऊन पाहिलं. दरवेळी तेच.

"आणि अण्णा सगळ्यांसमोर बोलून बसले, मामा."

अण्णा म्हणजे गटाचे अध्यक्ष. माणूस भला, पण तोंड सैल. मशीन तिसऱ्यांदा अडलं तेव्हा भर शेडमध्ये ते म्हणाले होते, "धोंडीभाऊ, राव, तुमचा पायगुणच तसला दिसतोय." सगळे हसले. चेष्टाच होती. पण ती शेडबाहेर गेली, चहाच्या टपरीवर गेली, आणि परत आली तेव्हा चेष्टा राहिली नव्हती. धोंडीभाऊंच्या मागोमाग आपला माल लावायला कुणी तयार होईना. ते ऐकून धोंडीभाऊंनी अण्णांना सांगितलं, उद्याचा तोडा शेवटचा. अडला तर मी गटातून बाहेर. त्यावर अण्णांनीही वैशालीला बजावलं, की गटातल्या एकाचा माल जात नसेल तर ते मशीन गटाचं नाही. उद्या अडलं तर मशीन उचलायचं आणि पहिल्यासारखं हाताने निवडायचं. तिचं सगळं काम त्या एका टेम्पोवर येऊन ठेपलं होतं.

खोटं कशाला बोलू, तिचं दुःख ऐकून मला आधी आनंद झाला. माणसाच्या नावावर अडणारी रांग! आमच्या धंद्यात तापमानावर अडणारी कार्डं पाहिली, वायर वाकली की अडणारी पाहिली, पण शेतकरी ओळखणारं कार्ड कुणाच्या नशिबी येतं? आणि मनात पक्कं बसलं, की गळती माझ्याच कोडमध्ये आहे. रांग थांबवताना किंवा सुरू करताना कुठेतरी एखादी जागा हरवत असणार. गुडघ्याला पट्टा बांधला, लॅपटॉप पिशवीत घातला आणि मंचरला जाऊन आळेफाट्याची एसटी धरली. बायको म्हणाली, "डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलंय." मी म्हटलं, "पॅकहाउसला जिना नाही."

शेडमध्ये पाय ठेवला तेव्हा अण्णांच्या स्वतःच्या मळ्यातला माल चालू होता. पट्टा घरघरत होता, बायका क्रेट ओतत होत्या, आणि दाराशी एक गृहस्थ आपले रिकामे क्रेट मोजून टेम्पोत चढवत होते. वैशालीने मला "मामा" म्हटलेलं ऐकून ते जवळ आले.

"पावणं, या मशीनच्या आतलं लिवणारं तुमीच का?"

"आतल्या एका तुकड्याचं मी लिहिलंय."

"मग मला येवढंच सांगा. त्याला माझं नाव कसं कळतं?"

धोंडीभाऊच होते. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या कामाबद्दल मला आजवर विचारलेला हा सगळ्यांत चांगला प्रश्न. मी म्हटलं, "तेच शोधायला आलोय. तुम्ही बसा." ते क्रेट पालथा घालून माझ्या शेजारी बसले.

मी लॅपटॉप जोडला. कार्डाचे आकडे सांगत होते, की धोंडीभाऊंचा माल चालू असताना माहिती कार्डापर्यंत व्यवस्थित येत होती आणि जागा नाही म्हणून टाकून दिली जात होती. पत्ते उतरवायच्या जागा भरपूर शिल्लक होत्या. जीपीयूतल्या जागा मात्र साफ संपलेल्या. म्हणजे भरलेल्या जागा परत येत नव्हत्या. कोण गिळतं? माझा कोड! मी हात चोळले. कर्नलच्या आत डोकावणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात एकच आकडा दिसायचा, बाहेर दिलेल्या आणि अजून परत न आलेल्या जागांचा.

अण्णांचा माल पळत होता. आकडा जरा वर जायचा, लगेच खाली यायचा. टोमॅटो आला, फोटो उतरले, निकाल लागला, जागा परत. अगदी छान. पण मधेच एखाद्या वेळी आकडा वर जायचा आणि तिथेच बसायचा. खाली यायचाच नाही. पुन्हा काही वेळ सगळं सुरळीत, आणि पुन्हा एक पायरी वर. मी डोळे फाडून पाहत होतो आणि कशाचाही मेळ लागत नव्हता. मग एकदा आकडा चढून बसला आणि पाठीमागे आवाज आला, "खट."

अंगावर काटा आला माझ्या. मी पट्ट्याकडे पूर्ण पाठ करून बसलो. आकडा चढून बसला की मोठ्याने म्हणायचं, "खट!" आणि लगेच पाठीमागून फळी म्हणायची, "खट." पुन्हा आकडा चढला. "खट!" मी. "खट," फळी. दरवेळी मी आधी, फळी नंतर. बायकांचे हात थांबले. एक जण दुसरीला म्हणाली, "ह्ये बाबा न बघताच वळाखत्यात की!" आणि सगळ्या हसायला लागल्या. मला हसायलाही वेळ नव्हता.

"वैशाली! पाडलेल्या टोमॅटोच्या फोटोंचं तू काय करतेस?"

"ठेवते. शेतकऱ्याला दाखवायला."

या गटाचा एक दंडक आहे, हाताने निवडायच्या काळापासूनचा. कुणाचाही माल त्याच्या पाठीमागे बाद करायचा नाही. ज्याचा माल त्याला बाद क्रेटाशी उभं करायचं, एकेक फळ दाखवायचं, त्याने मान हलवली तरच बाद. याच विश्वासावर गट टिकला असं अण्णा सांगतात, आणि मशीन आलं तेव्हा त्यांची पहिली अट तीच होती. म्हणून वैशालीने सोय केली होती: एकाचा माल संपला की पाडलेल्या प्रत्येक टोमॅटोचा फोटो पडद्यावर येतो, डागाभोवती गोल काढलेला. शेतकरी बघतो, मान हलवतो. मग दुसऱ्याचा माल.

"आणि तोपर्यंत ते फोटो कुठे असतात?"

"आहेत तिथेच, जीपीयूत. उतरले त्याच जागेत." मग तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला. "मामा, तुम्हीच रोज सांगत होता, कॉपी म्हणजे पाप!"

मी कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या हाताने तिची पाठ थोपटली. सापडलं होतं! माझं कीर्तन तिने इतकं मनावर घेतलं, की जिथे कॉपी करायलाच हवी तिथेही केली नाही. पाडलेल्या फोटोंच्या जागा माल संपेपर्यंत अडकून राहायच्या. इतरांचा माल बरा, पाडलेले थोडे, म्हणून जागा पुरायच्या. आणि माल संपला, शेतकऱ्याने मान हलवली, की सगळ्या मोकळ्या होऊन पुढच्याला कोरी रांग मिळायची. धोंडीभाऊंच्या रानावर त्या महिन्यात गारपीट झाली होती. डागी माल जास्त, पाडापाडी जास्त, जागा संपल्या, रांग अडली. प्रोग्राम बंद केला की बांधलेली रांग आपोआप सुटते, सगळ्या जागा मोकळ्या होतात, म्हणून घटकाभर पुन्हा चालायचं. माझ्या कोडमध्ये गळती नव्हती. याचं मला किंचित वाईटही वाटलं, इतका मी तयारीने आलो होतो.

अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजी शेवटी धोंडीभाऊच्याच मालाला अडतंय ना? आमी वेगळं काय म्हणत व्हतो?"

"तसं नाही, अण्णा. तुमचे आजवरचे पाडलेले क्रेट आहेत का?"

होते. शेडच्या मागे सावलीत ठेवले होते. मी म्हटलं, पट्ट्यावर ओता. अण्णा नको नको म्हणत होते, पण बायकांनी एव्हाना क्रेट उचललेसुद्धा. अण्णांच्या मळ्यातला बाद माल, निव्वळ बाद, पट्ट्यावरून निघाला. खट. खट. खट खट खट खट! आकडा जिना चढावा तसा चढत गेला आणि मशीन गप्प उभं राहिलं.

मग मागून एका बाईचा बारीक आवाज आला, "अण्णा, पायगुण!"

काय हशा उठला! अण्णांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि स्वतःही हसले. धोंडीभाऊ तेवढे हसले नाहीत. ते क्रेटावरून उठले आणि मला म्हणाले, "थांबा पावणं. म्हंजी माल डागी व्हता म्हणून अडलं. मी आलो म्हणून न्हाई."

"तुमचा काही संबंध नाही."

"आसं तुमी म्हणताय," ते म्हणाले. "उंद्या बघू." आणि टेम्पोत बसून निघून गेले.

दुरुस्ती साधी होती. टोमॅटो पाडायचा ठरला की त्याचा फोटो जीपीयूतच बाजूच्या वेगळ्या जागेत उतरवून घ्यायचा आणि रांगेतली जागा लगेच परत करायची. थोडेच फोटो, थोडीच कॉपी. "कर कॉपी," हे दोन शब्द वैशालीसमोर उच्चारताना माझी जीभ जड झाली आणि तिला त्याची फार मजा वाटली. संध्याकाळच्या आत तिने बदल केला. अण्णांचा बाद माल पुन्हा ओतून पाहिला. फळी वाजत राहिली, आकडा खाली येत राहिला. पण अण्णा म्हणाले, "ह्ये माझं झालं. खरं काय ते उद्या." त्यांचंही बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मढचा टेम्पो आला तेव्हा शेडमध्ये काम नसलेली माणसंही जमली होती. गटातले निम्मे सभासद तर नुसते बघायला आले होते. वैशाली कॉम्प्युटरपाशी उभी होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, लहानपणी परीक्षेच्या दिवशी करायची तसं. पहिला क्रेट ओतला. खट. जरा वेळाने पुन्हा खट. मग मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसं सुरू झालं, खट खट, खट, खट खट खट. ज्या सुमाराला मशीन नेहमी अडायचं तो सुमार आला. वैशालीने डोळे मिटले. मी मिटले नाहीत, मला आकडा बघायचा होता. वर, खाली. वर, खाली. तो सुमार गेला, आणि पट्टा पळतच होता! मागे कधीच पोचले नव्हते तेवढे क्रेट रिकामे झाले, तरी पळतच होता! मी दुखऱ्या गुडघ्यासकट उडी मारली आणि कोण्या अनोळखी माणसाला मिठी मारली. वैशाली रडत होती आणि हसत होती. माझी रांग! कर्नलमध्ये कुठेतरी तळाशी बसलेली, कुणाला न दिसणारी माझी रांग चालली होती, आणि ती चालली म्हणून इतकी माणसं श्वास सोडत होती. सगळ्या नोकरीत असा दिवस मला मिळाला नव्हता.

मग माझं लक्ष खालच्या क्रेटांकडे गेलं. बाद मालाचे क्रेट भरून एकावर एक चढत होते. आजवर धोंडीभाऊंचा पहिला थोडा माल मशीनवर जायचा आणि अडला की उरलेला बायका हाताने निवडायच्या. वरून लाल, टणक दिसलं की जाऊ द्यायच्या. सालीच्या आतला गारांचा मार त्यांच्या डोळ्यांना दिसणार कसा? मशीनला दिसत होता. ते पहिल्यांदाच त्यांचा सगळा माल बघत होतं आणि निम्म्याहून जास्त पाडत होतं. माझी उडी तिथेच संपली. हा माणूस काल माझ्या शेजारी बसून होता, आणि मी काय दुरुस्त केलं होतं? वैशालीनेही ते पाहिलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

उतरवलेले क्रेट संपले, थोडे अजून टेम्पोतच होते, आणि पट्टा रिकामा झाला. दंडकाप्रमाणे धोंडीभाऊ पडद्यापाशी आले. फोटो एकेक करून येऊ लागले. ते प्रत्येक फोटो नीट बघत होते.

"हितं काय हाय? मला तर साफ दिसतंय."

"गारेचा मार आहे, भाऊ," वैशाली हळूच म्हणाली. "सालीच्या आत."

त्यांनी बाद क्रेटातला एक टोमॅटो उचलला, अंगठ्याने सोलून बघितला. आत पांढरट, कडक झालेलं होतं. मग मान हलवली आणि अण्णांकडे वळले.

"अण्णा, माल किती पडला माझा?"

अण्णा पुटपुटले, "निम्म्याच्या वर गेला, धोंडीभाऊ."

"ते दिसतंय. गारा आभाळातनं पडल्या, त्याला तुमी आन् मी काय करणार." त्यांनी तो सोललेला टोमॅटो क्रेटात परत ठेवला. "मशीन किती येळा अडलं?"

"एकदाबी न्हाई."

"मोठ्यानं बोला. त्या दिशी मोठ्यानं बोलला व्हता."

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. सगळ्या शेडकडे तोंड केलं. "ऐका सगळी!" त्यांचा आवाज पत्र्याला लागून घुमला. "धोंडीभाऊच्या मालाला मशीन एकदाबी अडलं न्हाई! मशीन ऱ्हातंय, आन् धोंडीभाऊबी ऱ्हातोय! मी बोललो ते चुकीचं बोललो!"

धोंडीभाऊंनी ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि दाराकडे वळून टेम्पोवाल्याला हाक मारली.

"ऱ्हायलेलं क्रेट उतरवा रं! वाजू द्या किती वाजायचं ते!"